शून्य शुल्काचा कागद: बल्लारपूर, बांबूचे जंगल आणि मुक्त व्यापाराला कामगारांचा विरोध

१ जानेवारी २०१४ पासून आग्नेय आशियातील देशांतून भारतात येणाऱ्या कागद व पुठ्ठ्यावरील मूळ सीमाशुल्क शून्यावर आले. भारत आणि ‘आसियान’ ही तेव्हा दहा देशांची असलेली संघटना यांच्यात २००९ साली झालेल्या वस्तुव्यापार कराराच्या वेळापत्रकातील, कागदापुरते, ते ठरलेले शेवटचे पाऊल होते, आणि त्यामुळे कागदाच्या धंद्यात असलेल्यांखेरीज इतरांना त्याची विशेष दखल घ्यावीशी वाटली नाही. चंद्रपूर आणि गडचिरोली या वनजिल्ह्यांच्या दृष्टीने मात्र या एका शुल्काला मोठा अर्थ होता, कारण बल्लारपूरच्या पेपर मिलच्या फाटकावर हजेरी लावणारा कायम कामगार, तिथलाच कंत्राटी हमाल, भामरागड-एटापल्लीच्या जंगलात बांबू तोडणारा मजूर आणि लगतच्या प्रदेशात निलगिरी वा सुबाभूळ लावणारा शेतकरी हे सगळे कागदाच्या एकाच भावाशी बांधलेले होते. मुक्त व्यापार कराराला भारतातील कामगार संघटनांनी जो विरोध केला त्याची वैचारिक मांडणी करणारे दोन मोठे नेते विदर्भातलेच होते. तरीही कराराचा घाव ज्या ठिकाणी बसला त्या ठिकाणी तो विरोध पोहोचला फार उशिरा, आणि पोहोचला तेव्हाही अर्धामुर्धा. असे का घडले, हे समजून घेण्यासाठी प्रारंभ बांबूपासूनच करावा लागतो.

बल्लारपूर हे गोंड राजांच्या जुन्या राजधानीचे, वर्धा नदीकाठचे गाव. दिल्लीहून मद्रासकडे जाणारा लोहमार्ग इथून जातो, कोळशाची खाण गावालगतच आहे, नदीला पाणी आहे आणि पूर्वेला वैनगंगेपलीकडे इंद्रावतीपर्यंत बांबूचे जंगल पसरलेले आहे. कागद तयार करायला जे जे लागते ते एका ठिकाणी इतके जवळ क्वचितच सापडते. हे हेरून करमचंद थापर यांच्या उद्योगसमूहाने १९४५ मध्ये ‘बल्लारपूर पेपर अँड स्ट्रॉ बोर्ड मिल्स’ ही कंपनी स्थापन केली, आणि स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकात कारखान्यातून कागद बाहेर पडू लागला. पुढे १९७५ मध्ये कंपनीचे नाव ‘बल्लारपूर इंडस्ट्रीज’ असे झाले आणि ‘बिल्ट’ या आद्याक्षरी नावाने ती देशभर ओळखली जाऊ लागली. वह्या, पाठ्यपुस्तके, सरकारी कचेऱ्यांतील नोंदवह्या आणि छापखाने यांना लागणारा लिहिण्या-छपाईचा कागद हा तिचा मुख्य माल होता. नंतरच्या काळात चामोर्शी तालुक्यातील आष्टी येथेही कागद कारखाना उभा राहिला, आणि २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरपासून वेगळ्या झालेल्या, दोन तृतीयांशांहून अधिक जंगल असलेल्या आणि उद्योग जवळजवळ नसलेल्या गडचिरोली जिल्ह्याला आपल्या हद्दीत एक मोठे धुरांडे मिळाले.

एक टन कागद करायला दोन टनांहून अधिक बांबू लागतो. बांबूचे तुकडे करून ते कॉस्टिक सोडा व गंधकयुक्त क्षारांच्या द्रावणात दाबाखाली शिजवले जातात, त्यांचा लगदा धुऊन पांढरा केला जातो आणि मग तो लांबलचक यंत्रावर पसरून वाळवला जातो. या साऱ्या प्रक्रियेत कारखान्याच्या आतला कुशल कामगार दिसतो. परंतु मनुष्यबळाचा मोठा भाग कुंपणाबाहेर, जंगलात खर्ची पडत असतो. राज्य सरकारने दीर्घ मुदतीच्या पट्ट्यांनी वनातील बांबू कारखान्याला दिला होता. पावसाळा संपल्यावर तोड सुरू होई आणि पुढच्या पावसाळ्यापूर्वी थांबे. वनखात्याच्या हिशेबात ‘लांब बांबू’ आणि ‘बंडल’ असे दोन प्रकार असत. पहिला घरबांधणी, मांडव आणि बाजारासाठी, तर दुसरा, म्हणजे ठरावीक लांबीचे तुकडे करून बांधलेला भारा, मुख्यतः कारखान्यासाठी. मजुरी बंडलावर मिळे. स्थानिक माडिया-गोंड मजुरांबरोबर बालाघाटकडूनही तोडीसाठी माणसे आणली जात, आणि त्यांच्यावर देखरेख करणारा ठेकेदाराचा मुनीम हाच त्यांच्या दृष्टीने मालक असे. याच बांबूवर सुपे, टोपल्या, तट्टे विणून पोट भरणारा बुरूड समाजही अवलंबून होता, आणि कारखान्याला मिळणारा बांबू व बुरुडाला निस्तार हक्काने, म्हणजे गावकऱ्यांच्या घरगुती गरजेसाठी सवलतीने, मिळणारा बांबू यांच्या दरातील व पुरवठ्यातील तफावत ही दोन्ही जिल्ह्यांतील जुनी तक्रार होती.

कामगार संघटनेची रचना या सगळ्या साखळीच्या एकाच कडीभोवती झाली होती. बल्लारपुरात पेपर मिल मजदूर सभेसारख्या संघटना उभ्या राहिल्या. चंद्रपूरचे माजी खासदार नरेश पुगलिया यांच्यासारखे राजकारणातले वजनदार नेते मजदूर सभेचे अध्यक्षपद सांभाळत आले. वेतनकरार, बोनस, कंत्राटी कामगारांना कायम करणे, कामगारांच्या वारसांना नोकरी हे प्रश्न तिथे लढवले गेले, आणि त्यात कामगारांच्या पदरी बरेच पडलेही. बांबूतोड करणारा मजूर मात्र या संघटनेच्या सभासद-नोंदवहीत नव्हता. त्याच्या मजुरीचा प्रश्न १९८० नंतर वेगळ्याच मार्गाने, म्हणजे दक्षिण गडचिरोलीत शिरलेल्या नक्षलवाद्यांनी बांबू आणि तेंदूपानाच्या मजुरीवरून ठेकेदारांना दिलेल्या धाकातून, पुढे आला. त्या मार्गाने मजुरी वाढली हे अभ्यासकांनी नोंदवले आहे. तिची रक्ताने मोजलेली किंमत किती होती, हा वेगळ्या लेखाचा विषय होईल. प्रस्तुत विषयासाठी एवढेच ध्यानात ठेवायला हवे की एकाच उद्योगातील दोन प्रकारच्या श्रमिकांना एका छताखाली आणणारी संघटना या प्रदेशात कधीच घडली नाही, आणि पुढे करारांचा काळ आला तेव्हा ही उणीव फार महागात पडली.

आयात मालाविरुद्ध कामगारांनी उभे राहावे, असा प्रसंग १९९१ पर्यंत आलाच नव्हता. तोपर्यंत भारतीय कागद उद्योगाला दुहेरी संरक्षण होते. एक म्हणजे चढे सीमाशुल्क, आणि दुसरे परिमाणात्मक निर्बंध, म्हणजे अमुक वस्तू परवान्याशिवाय किंवा ठरावीक प्रमाणापेक्षा जास्त आयात करता येणार नाही असा नियम. या संरक्षणाखाली कारखानदार स्वस्त बांबू आणि हमखास गिऱ्हाईक यांच्या बळावर निर्धास्त झाले होते, यंत्रे जुनी होत होती आणि जंगल विरळ होत होते, हेही खरे आहे. ही बाजू झाकून जुन्या व्यवस्थेचे गोडवे गाणे अप्रामाणिकपणाचे ठरेल.

१९९१ च्या उन्हाळ्यात परकीय चलनाचे संकट आले, नवे आर्थिक धोरण जाहीर झाले आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात आठवड्याभराच्या अंतराने दोन घटना घडल्या. २२ नोव्हेंबरला नागपुरात स्वदेशी जागरण मंचाची स्थापना झाली. तिच्यामागचे मुख्य सूत्रधार होते वर्धा जिल्ह्यातील आर्वीचे दत्तोपंत ठेंगडी, ज्यांनी आरंभी ‘इंटक’ या काँग्रेसप्रणीत कामगार संघटनेत काम करून कामगार चळवळीचे धडे घेतले होते आणि १९५५ मध्ये भोपाळ येथे भारतीय मजदूर संघाची स्थापना केली होती. २९ नोव्हेंबरला डाव्या आणि इतर केंद्रीय कामगार संघटनांनी नव्या धोरणाविरुद्ध देशव्यापी संप पुकारला; या बाजूचे एक प्रमुख नेते होते नागपूरचे ए. बी. बर्धन, ज्यांनी वीज कामगार, कापड गिरणी कामगार आणि विणकर यांच्यात काम केले होते, जे १९५७ मध्ये नागपुरातून विधानसभेवर निवडून आले होते आणि पुढे ‘आयटक’ या डाव्या कामगार संघटनेचे व नंतर भारतीय कम्युनिस्ट पक्षाचे सरचिटणीस झाले. ठेंगडी आणि बर्धन यांच्या विचारांत उत्तर-दक्षिणेचे अंतर होते. एकाला राष्ट्राच्या स्वावलंबनावर येणाऱ्या घाल्याची चिंता होती, दुसऱ्याला भांडवलाच्या जागतिक सत्तेची. परंतु गॅट वाटाघाटींचे तत्कालीन प्रमुख आर्थर डंकेल यांनी तयार केलेल्या मसुद्याविरुद्ध, ज्यातून पुढे जागतिक व्यापार संघटना जन्माला आली, दोघांच्याही संघटना रस्त्यावर होत्या. विदर्भातील दोन कामगार नेत्यांनी दोन ध्रुवांवरून एकाच दस्तऐवजाला नकार द्यावा, ही गोष्ट महाराष्ट्राच्या कामगार इतिहासात हवी तितकी नोंदली गेलेली नाही.

१ जानेवारी १९९५ रोजी जागतिक व्यापार संघटना अस्तित्वात आली. भारताने परकीय चलनाच्या तुटीचे कारण देऊन परिमाणात्मक निर्बंध काही वर्षे टिकवले. अमेरिकेने त्याविरुद्ध दाद मागितली, १९९९ मध्ये निकाल भारताच्या विरोधात गेला आणि १ एप्रिल २००१ रोजी उरलेल्या ७१५ वस्तूंवरील निर्बंधही उठले. त्याच महिन्यात दिल्लीच्या रामलीला मैदानावर भारतीय मजदूर संघाचा प्रचंड मेळावा झाला, आणि ठेंगडी यांनी वैचारिक नात्याने आपल्याच असलेल्या वाजपेयी सरकारच्या आर्थिक धोरणांवर कठोर टीका केली. सत्तेतील आप्तांनाही न जुमानण्याचे असे धैर्य कामगार नेत्यांत पूर्वीही दुर्मीळ होते आणि नंतर तर अधिकच दुर्मीळ झाले. परंतु या विरोधाचे स्वरूप तत्त्वाचे होते. कोणत्या वस्तूवर किती शुल्क उरणार, ते कोणत्या वर्षी किती उतरणार आणि त्यामुळे कोणत्या गावातील किती हातांचे काम जाणार, असा वस्तुनिहाय हिशेब मांडणारी यंत्रणा ना मजदूर संघाकडे होती ना आयटककडे. पुढचा धोका नेमका याच बारीक हिशेबातून येणार होता.

जागतिक व्यापार संघटनेतील वाटाघाटी रेंगाळल्या तेव्हा देशादेशांनी आपापसात वेगळे करार करायला सुरुवात केली. मुक्त व्यापार करारात सहभागी देश एकमेकांच्या बहुतेक मालावरील सीमाशुल्क ठरलेल्या मुदतीत कमी करत शून्यावर आणतात. ज्या थोड्या वस्तूंना ही सवलत द्यायची नसते त्यांची एक वगळलेली यादी केली जाते, आणि देशांतर्गत गटांची सारी धडपड या यादीत शिरण्यासाठी असते. भारत आणि आसियान यांच्यात ८ ऑक्टोबर २००३ रोजी बाली येथे आराखडा करार झाला, १३ ऑगस्ट २००९ रोजी बँकॉक येथे वस्तुव्यापार करारावर सह्या झाल्या आणि १ जानेवारी २०१० पासून मलेशिया, थायलंड व सिंगापूर यांच्याबाबतीत त्याची अंमलबजावणी सुरू झाली. इतर देश नंतर एकेक करून जोडले गेले. भारतीय राज्यघटनेनुसार असे करार करण्याचा अधिकार केंद्र सरकारच्या कार्यकारी शाखेकडे आहे. सहीपूर्वी संसदेची मंजुरी घेण्याचे बंधन नाही आणि राज्यांना विचारण्याचे तर नाहीच. कामगार, शेतकरी आणि राज्य सरकारे यांना वाटाघाटींचा मसुदा पाहायला मिळत नव्हता, हा केंद्रीय कामगार संघटनांच्या आक्षेपातील पहिला आणि सर्वांत सबळ मुद्दा होता.

या कराराला सर्वांत तीव्र विरोध झाला केरळात. रबर, मिरी, चहा, कॉफी, नारळ आणि मासे यांच्या भावावर जिथे प्रत्येक कुटुंबाचे गणित अवलंबून आहे, तिथे करार हा घराघरातला विषय झाला. सत्ताधारी डाव्या आघाडीने २ ऑक्टोबर २००९ रोजी कासरगोडपासून तिरुवनंतपुरमपर्यंत मानवी साखळी उभी केली. रबर वगळलेल्या यादीत राहिले, यात केरळच्या दबावाचा वाटा होता. कागद मात्र या यादीत नव्हता. चंद्रपुरात मानवी साखळी उभी राहण्याजोगी परिस्थितीही नव्हती, कारण इथला बांबू पिकवणारा शेतकरी नव्हता. बांबू होता सरकारी जंगलाचा, आणि तो तोडणाऱ्याचा त्याच्या भावाशी संबंध केवळ मजुरीपुरता. शिवाय मिलमधील कामगार नेतृत्वाचे राजकीय नाते काँग्रेसशी होते आणि करार करणारे सरकारही काँग्रेसच्या नेतृत्वाखालचे होते. बर्धन त्या वेळी भारतीय कम्युनिस्ट पक्षाचे सरचिटणीस होते आणि डाव्या पक्षांनी कराराला विरोध केला. परंतु २००८ मध्ये अमेरिकेशी होणाऱ्या अणुकराराच्या प्रश्नावर त्यांनी केंद्र सरकारचा पाठिंबा काढून घेतल्यामुळे त्यांच्या शब्दाचे दिल्लीतील वजन ओसरले होते, आणि ज्या विदर्भात बर्धन यांनी आयुष्य घालवले तिथे पक्षाची ताकद कधीच केरळइतकी नव्हती.

या सगळ्याला एक विचित्र पदर होता. २००७ मध्ये ‘बिल्ट’ने मलेशियाच्या साबाह राज्यातील सिपितांग येथील ‘साबाह फॉरेस्ट इंडस्ट्रीज’ ही लगदा व कागद बनवणारी कंपनी सुमारे २६ कोटी १० लाख अमेरिकी डॉलरच्या व्यवहारात घेतली होती. तिच्यासोबत सुमारे २.९ लाख हेक्टर जंगलाचे हक्क आले. भारतात १९८८ च्या राष्ट्रीय वननीतीने उद्योगांना वनजमीन देण्याचा मार्ग बंद केला होता आणि कच्चा माल शेतकऱ्यांशी थेट नाते जोडून मिळवा असे सांगितले होते; इंडोनेशिया-मलेशियात मात्र सरकारी जमिनीवर बाभळीच्या जातीची व निलगिरीची झपाट्याने वाढणारी झाडे हजारो हेक्टरांवर लावून त्यांचा लगदा करता येत होता. तिथला कागद भारतीय कागदापेक्षा स्वस्त पडण्याचे मूळ कारण हेच होते. म्हणजे आसियान कराराच्या दोन्ही बाजूंना बल्लारपूरचीच कंपनी उभी होती: एका हाताने ती मलेशियातील जंगलात भांडवल ओतत होती, आणि दुसऱ्या हाताने तिला बल्लारपुरातील कागदाची किंमत सांभाळायची होती. अशा मालकाकडून करारावर ठाम भूमिकेची अपेक्षा करणे भाबडेपणाचे होते. कामगारांच्या बाजूने पाहता दोष असा की मालकाच्या या दुहेरी स्थानाचा अर्थ उलगडून सांगणे हे ज्यांचे काम होते, त्या संघटनेचे लक्ष वेतनकराराच्या पलीकडे गेले नाही.

करार अमलात आल्यावर पहिल्या दोन-तीन वर्षांत परिणाम ठळक दिसला नाही, कारण शुल्क टप्प्याटप्प्याने उतरत होते. ते शून्यावर आले आणि आयात उसळली. भारतीय कागद उत्पादक संघटनेने वेळोवेळी मांडलेल्या आकड्यांनुसार २०१०-११ मध्ये कागद व पुठ्ठ्याची आयात सुमारे ५.४ लाख टन होती, ती २०१८-१९ मध्ये सुमारे १४.८ लाख टन झाली. दक्षिण कोरियाशी झालेल्या वेगळ्या करारानुसार तिथल्या कागदावरील शुल्कही २०१८ च्या आरंभी शून्य झाले. चीनच्या कागदाला आशिया-पॅसिफिक व्यापार करारानुसार काही सवलत आधीपासून होती. निर्यातदार देशातील रास्त भावापेक्षा कमी किमतीत माल दुसऱ्या देशात लोटण्याला डंपिंग म्हणतात. इंडोनेशियासह काही ठिकाणांहून येणाऱ्या झेरॉक्सच्या कागदाबाबत अशी तक्रार टिकली आणि २०१८ मध्ये त्यावर डंपिंगविरोधी शुल्क लावले गेले. परंतु अशी तक्रार सिद्ध व्हायला वेळ लागतो, ती एखाद्या नेमक्या प्रकारापुरती असते, आणि मधल्या काळात खेळते भांडवल आटलेला कारखाना तग धरू शकत नाही.

‘बिल्ट’चे नेमके हेच झाले, जरी त्याचे खापर एकट्या करारावर फोडता येणार नाही. विस्तारासाठी काढलेली कर्जे, मलेशियातील गुंतवणूक, वीज व कच्च्या मालाचा वाढता खर्च आणि दबलेला कागदाचा भाव या सर्वांचा फास एकाच वेळी आवळला गेला. गोदावरीच्या तेलंगणातील काठावर, कमलापुरम येथे कंपनीचा रेयॉनसाठी लगदा बनवणारा कारखाना २०१४ मध्ये बंद पडला. साबाहमधील कंपनी विकण्याचा करार २०१५ मध्ये जाहीर झाला, पण तो तडीस गेला नाही. बल्लारपूरसह इतर कारखान्यांचे उत्पादनही पैशाअभावी विस्कळीत झाले. जानेवारी २०२० मध्ये राष्ट्रीय कंपनी कायदा लवादाने मातृकंपनीविरुद्ध दिवाळखोरी निराकरणाची प्रक्रिया सुरू केली, आणि २०२३ मध्ये नव्या मालकाची योजना मंजूर झाली. बल्लारपूरचा कारखाना उपकंपनीच्या नावावर असल्यामुळे त्याची कायदेशीर वाट थोडी वेगळी राहिली व तो चालू राहिला. कामगाराच्या नजरेस या काळात पडले ते थांबलेले यंत्र, लांबलेला पगार आणि बदलणारे व्यवस्थापन. बँकॉकमध्ये झालेली सही त्याच्या पगारपत्रकावर कुठेच छापलेली नव्हती, म्हणून त्याच्या मोर्च्याचे तोंड कारखान्याच्या फाटकाकडे, जिल्हाधिकारी कार्यालयाकडे किंवा फार तर मुंबईकडे राहिले.

याच चंद्रपूर जिल्ह्यातील कोळसा कामगारांशी तुलना केली तर फरक उमजतो. वेस्टर्न कोलफील्ड्सच्या खाणींत मालक एक, वेतन ठरवणारी द्विपक्षीय समिती देशपातळीवरची आणि प्रमुख केंद्रीय संघटना त्या एकाच टेबलाभोवती. त्यामुळे २ ते ४ जुलै २०२० या काळात व्यापारी खाणकामाला विरोध म्हणून पुकारलेला संप धोरणाविरुद्धचा संप होऊ शकला. कागद उद्योगात कारखान्यागणिक मालक, कारखान्यागणिक संघटना आणि कारखान्यागणिक करार. चंद्रपूरच्या मूल रस्त्यावरील फेरो अलॉय कारखान्याचीही गोष्ट इथे नोंदवण्याजोगी आहे: तो आधी महाराष्ट्र इलेक्ट्रोस्मेल्टचा होता आणि २०११ मध्ये भारतीय पोलाद प्राधिकरणात विलीन झाला. मँगनीजयुक्त मिश्रधातू बनवणाऱ्या या उद्योगाला स्वस्त जलविद्युत असलेल्या मलेशियाच्या सारावाक राज्यातून येणाऱ्या शुल्कमुक्त मालाशी झगडावे लागले. पण तिथे मालक सरकार असल्यामुळे कामगारांवर आलेले संकट कागदाइतके उघडे पडले नाही.

दिल्लीतील केंद्रीय संघटना मात्र दरम्यानच्या काळात बरेच शिकल्या होत्या. नोव्हेंबर २०१२ मध्ये नॉम पेन्ह येथे ‘आरसेप’ या सोळा देशांच्या प्रादेशिक भागीदारी कराराची बोलणी सुरू झाली. त्यात आसियानचे दहा देश आणि चीन, जपान, दक्षिण कोरिया, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड व भारत होते. चीनच्या मालाला शून्य शुल्काने दार उघडणे म्हणजे काय, हे आसियान कराराच्या अनुभवानंतर सांगावे लागत नव्हते. जुलै २०१७ मध्ये हैदराबादेत वाटाघाटींची फेरी झाली तेव्हा कामगार संघटना, शेतकरी संघटना आणि औषधांच्या किमतींसाठी लढणारे गट एकत्र येऊन निदर्शने करत होते. या वेळी प्रश्न वस्तुनिहाय विचारले गेले: दुधाचे काय, पोलादाचे काय, कापडाचे काय. कागद उत्पादकांची संघटनाही कागद करारातून वगळा असे सांगत होती. स्वदेशी जागरण मंचाने ऑक्टोबर २०१९ मध्ये देशभर आंदोलन केले, भारतीय मजदूर संघाने विरोध नोंदवला, आणि डाव्या व काँग्रेसप्रणीत संघटनांनी ३० सप्टेंबरच्या दिल्ली परिषदेत ८ जानेवारी २०२० च्या सार्वत्रिक संपाची हाक दिली. ४ नोव्हेंबर २०१९ रोजी, पुन्हा बँकॉकमध्येच, भारताने ‘आरसेप’मध्ये सामील होत नसल्याचे जाहीर केले.

या निर्णयाचे श्रेय कामगार संघटनांना किती द्यावे, याबाबत मतभेद होऊ शकतात. दुग्धव्यवसायाची भीती, उद्योगपतींचे मौनातले आणि उघड दडपण, चीनशी असलेली व्यापारी तूट आणि मंदावलेली अर्थव्यवस्था यांचा वाटा मोठा होता. संघटनांच्या विरोधाने त्या सर्वांना एक लोकाभिमुख चेहरा दिला, एवढे नक्की म्हणता येईल. तथापि कारखानदार आणि कामगार एका बाजूला आले तरी त्यांची मागणी एक नव्हती. कारखानदाराला स्वस्त आयातीपासून संरक्षण हवे होते आणि त्याबरोबरच वनजमिनीवर लागवडीची मुभाही हवी होती. कामगार संघटनांना संरक्षित बाजारात कायम नोकरी हवी होती. आणि तिसऱ्या एका गटाचे म्हणणे या दोघांच्याही मागण्यांत बसत नव्हते.

तो तिसरा गट म्हणजे गडचिरोलीतील ग्रामसभा. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाने १९९० च्या दशकातच आपल्या जंगलातील पेपर मिलच्या बांबूतोडीला हरकत घेतली होती. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या नावांशी ती चळवळ निगडित आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यानुसार या गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, म्हणजे ज्या वर्षी आसियान करारावर सह्या झाल्या त्याच वर्षी. एप्रिल २०११ मध्ये तत्कालीन केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत बांबूच्या वाहतुकीचा परवाना देण्याचा अधिकारही ग्रामसभेकडे आला, आणि मग जिल्ह्यातील इतर अनेक ग्रामसभा त्या वाटेने गेल्या. पूर्वी ठेकेदाराच्या मुनिमाकडून बंडलामागे मजुरी घेणारा माणूस आता लिलावात बसून भाव मागू लागला. स्वातंत्र्योत्तर गडचिरोलीत याइतका मोठा आर्थिक बदल दुसरा झालेला नाही. पण भाव मागण्याचा अधिकार हाती आला तोच बांबूच्या मोठ्या गिऱ्हाइकाला भाव देणे अवघड होऊ लागले, कारण पेपर मिलला किती परवडते हे आता इंडोनेशियाच्या सुमात्रा बेटावरील लगदा कारखान्यांवरून ठरू लागले होते. कायद्याने दिलेला हक्क आणि कराराने घटवलेली किंमत यांची ही गाठ कोणत्याही कामगार संघटनेच्या ठरावात दिसत नाही, कारण ग्रामसभा संघटनेत नव्हती आणि संघटना ग्रामसभेत नव्हती.

‘आरसेप’ टळला, तरी आसियान करार होता तसाच राहिला. त्यातून भारताची आसियान देशांशी असलेली तूट २०१०-११ मधील सुमारे ५ अब्ज डॉलरवरून २०२२-२३ मध्ये ४३ अब्ज डॉलरच्या पुढे गेली, आणि ऑगस्ट २०२३ मध्ये दोन्ही बाजूंनी २०२५ पर्यंत कराराचा फेरआढावा पुरा करण्याचे ठरवले. २०२३-२४ या एका वर्षात देशात १९.३ लाख टन कागद व पुठ्ठा आयात झाला, म्हणजे आदल्या वर्षापेक्षा सुमारे ३४ टक्क्यांनी अधिक. फेरआढाव्यात कागदाचे शुल्क पुन्हा मागायचे असेल, तर ती मागणी करणाऱ्यांच्या निवेदनावर बल्लारपूरच्या मजदूर सभेसोबत धानोरा, एटापल्ली आणि भामरागडच्या ग्रामसभांची सहीही असायला हवी. आजवरच्या निवेदनांत ही उणीव राहिली आहे.